सुलतानापुढील नामदेव : गुरुग्रंथसाहिबातील एका पदातील निर्भयतेचा विचार

दिल्लीतील करोल बाग या वस्तीत संत नामदेवांच्या दोन स्मृती एकमेकींच्या शेजारी नांदतात. मात्र त्यांची परस्परांशी फारशी ओळख नाही. बीडनपुरा, बँक स्ट्रीट या भागांतील सराफ बाजारात सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करणारी मराठी कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या अवर्षणग्रस्त पट्ट्यातून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांचीच ही एक शाखा होय. त्यांच्या गावाकडील संस्कारांत नामदेव येतात ते विठ्ठलाला नैवेद्य खाऊ घालणाऱ्या हट्टी बालकाच्या रूपाने, पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीच्या रूपाने आणि गणेशोत्सवात आवर्जून म्हटल्या जाणाऱ्या विठ्ठलाच्या आरतीतील नाममुद्रेच्या रूपाने. याच वस्तीत १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित झालेली हिंदू व शीख कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. तेथील गुरुद्वारांत गुरुग्रंथसाहिबाचा पाठ होतो. त्या पाठात भेटणारे ‘भगत नामदेव’ हे पायात बेड्या घालून सुलतानासमोर उभे केलेले, अंगावर हत्ती सोडलेला असतानाही गात राहिलेले नामदेव आहेत.

करोल बागेच्या कडेला, दिल्लीच्या टेकडीवरील झाडीत, ‘भूली भटियारी का महल’ या नावाने ओळखली जाणारी एक पडीक वास्तू आहे. फिरोजशाह तुघलकाच्या काळातील शिकारखाना म्हणून ती ओळखली जाते. परंपरेने ज्या राजवटीशी नामदेवांच्या या कसोटीचा संबंध जोडला, त्या तुघलकांचे अवशेष आणि ती कसोटी सांगणारे पद यांच्यातील अंतर या वस्तीत पायी चालून जाण्याइतकेच आहे. पद मात्र अजून रोजच्या पठणात आहे.

या पदाकडे मराठी अभ्यासकांनी वळावे, याला एक जुने कारण आहे. संतांच्या शिकवणुकीने महाराष्ट्राला बळ दिले की दुर्बल केले, हा वाद मराठी विचारविश्वात शतकभराहून अधिक काळ चालत आला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठ्यांच्या उदयामागे संतांनी घडविलेली लोकजागृती पाहिली, उलट वि. का. राजवाडे यांनी संतांच्या निवृत्तिपर वृत्तीवर ठपका ठेवला. ‘टाळकुटे’ हा शब्द हेटाळणीने रूढ झाला तो याच वातावरणात. हा वाद बहुतेक वेळा राजकीय फलिताच्या अंगाने लढविला गेला: संतांमुळे राज्य आले की संत असूनही आले? बलाढ्य विरोधकासमोर एकटा पडलेला भक्त नेमके काय करतो आणि ते करण्याचे बळ त्याला कोठून मिळते, या अधिक मूलभूत प्रश्नाकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले. नामदेवांचे हे पद त्या प्रश्नाला थेट भिडते.

गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. गुरुग्रंथसाहिबाच्या आजच्या प्रमाणित प्रतीत १४३० पृष्ठे असून त्यांना ‘अंग’ म्हणतात. भैरउ म्हणजे भैरव रागातील नामदेवांच्या पदांत, ११६५ व ११६६ या अंगांवर, सुलतानाचे हे पद येते. त्याची जागा लक्षणीय आहे. त्याच्या लगेच आधीचे पद प्रल्हादाचे आहे. षंड आणि अमर्क हे गुरुजी हिरण्यकशिपूकडे तक्रार नेतात की, हा मुलगा शिकत नाही, टाळ्या वाजवून रामनाम घेतो आणि बाकीचे विद्यार्थीही त्याने बिघडविले. पट्टराणी मुलाला विनवते की, वडिलांचे म्हणणे मोड नकोस. तो ऐकत नाही. मग पर्वत, पाणी, अग्नी यांच्या कसोट्या, राजाने उपसलेली तलवार आणि खांबातून प्रकटलेला देव. पदाचा शेवट परमेश्वराला ‘अभयपदाचा दाता’ म्हणण्यात होतो. ग्रंथाचे पान न उलटता वाचक पुढच्या पदात शिरतो, तेव्हा राजाच्या जागी सुलतान असतो, आणि प्रल्हादाच्या जागी स्वतः नामदेव. दोन्ही पदांत सत्ताधीश आहे, विनवणारी आई आहे, हातांनी धरलेला ताल आहे. पुराणकथेला वर्तमानाचा अर्थ लावण्याची ही रीत इतकी सहज आहे की ती रीत आहे हेही चटकन ध्यानात येत नाही.

पदाचे कथानक थोडक्यात असे. सुलतान नामदेवांना विचारतो की, तुझ्या रामाची करणी मला दाखव. तो त्यांना बांधतो आणि सांगतो की, मारलेली गाय जिवंत कर, नाहीतर इथल्या इथे मान उडवीन. नामदेव उत्तरतात की, असे कसे होईल, मेलेले जिवंत होत नसते. माझ्या करण्याने काही होत नाही, राम करील ते होते. सुलतान चिडून हत्ती अंगावर सोडतो. नामदेवांची आई रडत म्हणते की, रामाला सोडून खुदाचे नाव का घेत नाहीस? नामदेव म्हणतात की, मी तुझा मुलगा नव्हे आणि तू माझी आई नव्हेस. देह पडला तरी हरीचे गुण गाईन. हत्ती सोंडेचे तडाखे देतो, पण नामदेव तगतात. सुलतानाला बोचते ते हे की, काजी-मुल्ला आपल्याला सलाम करतात आणि या एका माणसाने आपला मान मोडला. जमलेले लोक नामदेवांच्या वजनाइतके सोने देऊ करतात. सुलतान ते नाकारतो. सात घटका उलटतात तरी देव येत नाही. मग गरुडावर बसून गोविंद येतो, गाय उठते, तिचे दूध काढून घागर सुलतानापुढे ठेवली जाते. महालात गेलेल्या सुलतानावर संकट ओढवते आणि तो काजी-मुल्लांकरवी क्षमा मागतो.

केवळ चमत्कारकथा म्हणून वाचले तर हे पद इतर अनेक चरित्रकथांहून वेगळे ठरत नाही. नाभादासांच्या ‘भक्तमाला’त नामदेवांच्या चमत्कारांच्या यादीत मेलेली गाय उठविल्याचा उल्लेख आहे; प्रियादासांनी १७१२ च्या टीकेत आणि महीपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजया’त या परंपरेचा विस्तार केला. पदाचे वेगळेपण गाय उठण्यापूर्वीच्या भागात आहे. आव्हान मिळताच नामदेव पहिली गोष्ट करतात ती आपल्याकडे सामर्थ्य नसल्याचे सांगण्याची. मेलेले जिवंत होत नाही, हे वाक्य सुलतानाच्या तोंडी शोभले असते. ते भक्ताच्या तोंडी आहे. देवाच्या नावावर कसलेही आश्वासन देण्यास नामदेव तयार नाहीत. ज्याने दावाच केला नाही त्याचा दावा खोटा पाडता येत नाही, आणि म्हणून सुलतानाजवळ शेवटी केवळ शारीरिक बळ उरते. कर्तेपण सोडून देणे ही वारकरी संप्रदायातील नित्याची शिकवण. येथे तिचे व्यावहारिक रूप दिसते. आपले काही होत नाही असे म्हणणारा माणूस हतबल असतो, हा समज या पदात टिकत नाही.

आईचा प्रसंग अधिक अवघड आहे. मराठी वाचकाला येथे गोणाई आठवणे अपरिहार्य आहे. मराठी गाथेत गोणाई विठ्ठलाशीच भांडते, आपले लेकरू परत मागते. तिच्या तक्रारीत जिव्हाळा आहे आणि नामदेवांच्या उत्तरांतही. पंजाबी परंपरेतील या पदात आईला नाव नाही आणि उत्तर कठोर आहे. तथापि ती कठोरता कोणत्या क्षणी आली, हे पाहिले पाहिजे. आई शत्रूच्या बाजूची नाही. मुलाचा जीव वाचावा एवढेच तिचे म्हणणे आहे. बलाढ्य विरोधकापुढे माणूस मोडतो तो बहुधा धमकीने नव्हे, घरच्यांच्या काळजीने. प्रल्हादाच्या पदातील पट्टराणीही हेच काम करते. कवीने दोन्हीकडे हत्ती-तलवारीच्या बरोबरीने या विनवणीला कसोटीचे स्थान दिले, यात मानवी स्वभावाची चांगली जाण आहे. नाते तोडणारे ते वाक्य कोणाला खटकले तर ते गैर म्हणता येणार नाही. पद ते सौम्य करीत नाही, एवढे खरे.

हत्तीचा उल्लेखही निव्वळ अलंकार नव्हे. १३३४ च्या सुमारास दिल्लीत पोहोचलेल्या इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या दरबारातील शिक्षांचे वर्णन करताना, सुळ्यांना धारदार लोखंड बसविलेल्या आणि माणसे मारण्यास शिकविलेल्या हत्तींविषयी लिहिले आहे. पद ऐकणाऱ्या उत्तरेतील श्रोत्याला या शिक्षेचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

त्यानंतर पदात एक चित्र येते, ज्यात ‘टाळकुटे’ या हेटाळणीचे उत्तर आयतेच सापडते: पायात बेड्या आहेत आणि हातांनी ताल धरला आहे. पाय बांधता आले, हात अजून मोकळे आहेत, आणि त्या हातांना करण्यासारखे एकच काम आहे. गंगा-यमुना उलट्या वाहू लागल्या तरी गात राहीन, असे नामदेव म्हणतात. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन करणाऱ्या या माणसाने येथे नद्या मात्र उत्तरेच्या घेतल्या आहेत. ताल धरणे हे शौर्याच्या रूढ कल्पनेत बसत नाही. पण शस्त्र नसलेल्या माणसाने भीतीच्या क्षणी आपला नेहमीचा क्रम न सोडणे, हेच या पदातील धैर्याचे दृश्य रूप आहे. नामदेव रोज करीत होते तेच करीत राहिले. बदल झाला तो भोवतालच्या परिस्थितीत.

सात घटकांचा उल्लेख या दृष्टीने पदाचा मध्य मानावा लागेल. एक घटका २४ मिनिटांची. म्हणजे सात घटका पावणेतीन तासांहून थोड्या अधिक. घटका सरल्याचे ‘ऐकू आले’ असे शब्द पदात आहेत, त्यावरून घटिकापात्राच्या टोलांची कल्पना करता येते. शम्स सिराज अफीफ याने फिरोजशाहाने दिल्लीत बसविलेल्या अशा घड्याळ-घंटेची नोंद केली आहे. अर्थात एवढ्यावरून पदाचा काळ ठरविणे धाडसाचे होईल. महत्त्वाचे हे की, सात टोल पडले तरी त्रिभुवनाचा धनी आला नाही, हे पद लपवीत नाही. श्रद्धेला बळ मिळते ते सुटका होणारच या खात्रीतून, अशी सर्वसाधारण समजूत असते. या पदात सुटकेची खात्री कोठेही व्यक्त होत नाही. उलट विलंबाची मोजदाद आहे. त्या पावणेतीन तासांत नामदेवांजवळ जे होते त्याला चमत्काराचा आधार नव्हता. देव नंतर आला, ही कथेची सोय म्हणावी की भक्ताचा अनुभव, याविषयी मतभेद राहतील. तोपर्यंतचे गाणे मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

विरोधकाच्या चित्रणात कवीने दाखविलेला संयमही दाद देण्याजोगा आहे. सोने देऊ केले असता सुलतान म्हणतो की, हे घेतले तर मी दोजखात जाईन. दीन सोडून दुनिया जमा करणे मला शक्य नाही. जुलमी सत्ताधीश लाचखाऊही असावा, असा सोपा मार्ग कवीला मोकळा होता. तो त्याने घेतला नाही. सुलतानालाही त्याची श्रद्धा आहे आणि ती त्याला एका मोहापासून वाचविते. दोन्ही बाजूंना काहीतरी न विकण्याजोगे आहे. फरक एवढाच की, एकाची श्रद्धा दुसऱ्याला वाकवू पाहते. गाय उठल्यावर हिंदू लोक नामदेवांकडे जमले, गाय उठली नसती तर नामदेवांची पत गेली असती, हे सांगायलाही पद विसरत नाही. जमावाचा विश्वास निकालावर अवलंबून असतो, याची ही नोंद काहीशी मिस्कील वाटते.

शेवटचा संवाद पदाच्या आरंभाशी जुळलेला आहे. सुलतान क्षमा मागताना ‘मी तुझी गाय आहे’ असे म्हणतो. गाय मारून कसोटी घेणारा स्वतःला गाय म्हणवून घेतो, आणि मग नामदेवांची पाळी येते. आरंभी सुलतानाने पुरावा मागितला होता. आता नामदेव त्याच्याकडे खात्री मागतात. त्या खात्रीचे प्रमाण एकच: सुलतानाने सत्याने आणि शीलाने वागावे. धर्मांतर, नजराणा, शिक्षा यांपैकी काहीही मागितलेले नाही. जिंकलेल्या क्षणी मागणी इतकी मर्यादित असावी, हे पदाच्या आरंभीच्या नम्रतेशी सुसंगत आहे. ज्याने स्वतःचे कर्तेपण आधीच नाकारले, त्याला विजयाचे श्रेय घेऊन सूड उगविता येत नाही.

या निर्भयतेची दिशा केवळ परधर्मी सत्तेकडे होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. याच भैरव रागात, ११६४ व्या अंगावर, देवळातून हाकलून दिल्याचे पद आहे. भक्ती करीत असताना नामदेवांना पकडून उठविले जाते. आपण हीन जातीत, छीप्याच्या कुळात का जन्मलो, असे ते यादवरायाला विचारतात, आणि कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसतात. देऊळ त्यांच्याकडे फिरते. मराठी परंपरेने हा प्रसंग औंढा नागनाथाशी जोडला आहे. पुजारी आणि सुलतान हे दोन विरोधक अवघ्या एक-दोन अंगांच्या अंतराने येतात आणि दोन्हींसमोरची वागणूक एकच आहे: भांडण नाही, माघारही नाही. शिंपी समाजातील या संताच्या वाट्याला स्वकीयांचा विरोध आधी आला आणि सुलतानापुढील धैर्याची तालीम बहुधा तेथेच झाली, असे पदांच्या क्रमावरून म्हणावेसे वाटते.

ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न उरतोच. परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. अल्लाउद्दीनाची देवगिरीवरील स्वारी आणि ज्ञानेश्वरांची समाधी या दोन्ही घटना १२९६ च्या. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केली. महाराष्ट्र आणि दिल्ली यांचे संबंध असे अकस्मात आणि हिंसेने जुळत असताना नामदेव उत्तरेत गेले. पदात सुलतानाचे नाव नाही, स्थळही नाही. परंपरेने मुहम्मद तुघलकाचे नाव जोडले. मराठीत कोठे हस्तिनापूर म्हणजे दिल्ली, तर कोठे बिदर असे स्थळ येते. बिदर बहमनींची राजधानी झाले ते पंधराव्या शतकात, हे लक्षात घेतले की ही स्थळे सांगणाऱ्याच्या काळाने ठरविलेली दिसतात. पदात नामदेवांचा उल्लेख बराचसा तृतीय पुरुषी आहे आणि शेवटी नामा व नारायण यांत भेद नसल्याची ग्वाही आहे. त्यामुळे ते नामदेव-परंपरेतील नंतरच्या कवीचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ‘बाधिला’, ‘बजाइला’, ‘आइला’ ही ल-युक्त भूतकालीन रूपे मराठी कानाला ओळखीची वाटतात. अशी रूपे पूर्वेकडील बोलींतही असल्याने तेवढ्यावरून कर्तृत्व सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगीही ती नाहीत. कोणत्याही परिस्थितीत, १६०४ पासून हे पद एका समाजाच्या नित्यपाठात आहे, ही वस्तुस्थिती वादातीत आहे.

त्या समाजावर पुढे जे प्रसंग आले त्यांच्या प्रकाशात पदाला नवे अर्थ मिळाले. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. त्यांच्यापुढे धर्मांतर, करामत किंवा मृत्यू असे पर्याय ठेवले गेले होते आणि करामत दाखविण्यास त्यांनी नकार दिला, असे शीख परंपरा सांगते. येथे नामदेवांच्या उत्तराचा पूर्वार्धच उरला आहे: गरुडावर बसून कोणी आले नाही. तरीही परंपरेने दोन्ही प्रसंग एकाच निर्भयतेचे मानले; कारण तिच्या दृष्टीने निर्भयतेची कसोटी सुटका ही नव्हतीच. ज्या ग्रंथात नामदेवांचे हे पद आहे, त्याच ग्रंथात पुढे तेगबहादुरांची वाणी समाविष्ट झाली, आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथाला गुरुपद दिले ते गोदाकाठी नांदेडला. नामदेवांचे परंपरागत जन्मस्थान नरसी याच मराठवाड्यात, आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहे.

मराठी जगाने या उत्तरेकडील नामदेवांची दखल अलीकडे अधिक प्रमाणात घेतली. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली पंजाबातील घुमान येथे, म्हणजे नामदेवांच्या पंजाबी वास्तव्याशी जोडलेल्या गावी झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे संमेलन दिल्लीत भरले. कीर्तनाच्या फडावर मात्र सुलतानाच्या पदाचे निरूपण अजून क्वचितच ऐकू येते. मराठी गाथेतील गाय उठविण्याचा प्रसंग घेतला जातो. त्यात विठ्ठलाकडे भाकलेली करुणा प्रधान असते, आणि मेलेले जिवंत होत नसते हे नामदेवांचे पहिले उत्तर बाजूला राहते. पदाची भाषा मराठी श्रोत्याला थोड्या प्रयत्नाने समजण्याजोगी आहे. करोल बागेतील मराठी रहिवाशांना तर त्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. गुरुद्वारातील अखंड पाठ सुमारे ४८ तास चालतो. वाचन एकसारख्या गतीने झाले तर साधारण एकोणचाळीसाव्या तासाला प्रल्हादाचे पद संपते आणि सुलतानाचा प्रश्न सुरू होतो.